पाण्यावरचे बंब

एप्रिल महिन्यात नऊ दिवसांच्या अंतराने दोन राष्ट्रीय दिवस येतात. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन, १४ एप्रिलला राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन. पहिला एका जहाजाच्या प्रयाणाचा, दुसरा एका जहाजाच्या स्फोटाचा. समुद्राचं तोंडही न पाहणाऱ्या ग्वाल्हेरचा या दोन्ही दिवसांशी संबंध आहे, आणि तो इथल्या मराठी घरांतही फारसा कोणी सांगत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला शिंद्यांचे हत्ती, तोफा, जयविलासमधली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी हे सगळं तोंडपाठ असतं. शिंद्यांच्या नावाची जहाजं मात्र आठवत नाहीत. मग त्यांतलं एक जहाज हिंदुस्थानातल्या सगळ्यात भयंकर बंदर-आगीच्या जवळजवळ तोंडाशी उभं होतं, हे कुठून आठवणार!

ही गोष्ट मुंबई बंदराच्या आगीची आहे. ती विझवायला गेलेल्या माणसांची आहे, आणि 'डोरिस' व 'पनवेल' या दोन लहानशा आगबोटींचीही आहे. इथे आगबोट म्हणजे वाफेवर चालणारी बोट नव्हे, आग विझवणारी बोट. बंदरातले लोक तिला फायर फ्लोट म्हणत. पण आधी ग्वाल्हेर.

माधवराव शिंदे (दुसरे) यांना यंत्रांचं विलक्षण वेड होतं. १९०० साली चीनमध्ये बॉक्सर बंड झालं तेव्हा त्यांनी जखमी सैनिकांसाठी 'ग्वालियर' नावाचं इस्पितळ-जहाज सज्ज करून दिलं होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी हाच विचार मोठ्या प्रमाणावर केला. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज विक्रीला होतं. १८९० साली इंग्लंडात बॅरो इथे त्याचं जलावतरण झालं होतं. सुमारे सहा हजार टनांचं, आणि पुढची वीसेक वर्षं ते व्हँकुव्हर ते हाँगकाँग या मार्गावर धावलेलं. १९०३ मध्ये हाँगकाँगजवळ त्याची एका चिनी युद्धनौकेशी टक्कर झाली आणि बुडाली ती युद्धनौकाच. असं हे दणकट जहाज १९१४ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतलं. १९१५ च्या जानेवारीत त्याचं नाव बदलून 'लॉयल्टी' झालं आणि हिंदी सैनिकांसाठी तरंगतं इस्पितळ म्हणून ते युद्धभर राबलं.

युद्ध संपलं, जहाजाचं काम संपलं. दिल्लीहून मुंबईला येणाऱ्या गाडीत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या कानावर आलं की ग्वाल्हेर दरबारचं जहाज विकायचं आहे. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना बरोबर घेऊन ते खरेदी केलं. त्यासाठी २७ मार्च १९१९ रोजी जी कंपनी उभी राहिली तिला जहाजाच्या आधीच्या मालकाचं नाव मिळालं : सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीचं मोठं जहाज इंग्रजांच्या मक्तेदारीच्या मार्गावर निघालं, म्हणून १९६४ पासून हा दिवस सागरी दिन म्हणून पाळला जातो.

खुद्द 'लॉयल्टी'ने कंपनीला फारसं काही कमवून दिलं नाही. जहाज जुनं, खर्च अफाट, आणि समोर लॉर्ड इंचकेपच्या बलाढ्य ब्रिटिश जहाज कंपन्या. १९२३ साली मुंबईतच ते मोडीत निघालं. त्याच साली इंचकेपशी झालेल्या कराराने सिंदियाच्या जहाजांवर ७५ हजार टनांची मर्यादा घातली आणि कंपनीला किनारी व्यापारापुरतं बांधून ठेवलं. तरीही कंपनी तगली. तिच्या बहुतेक जहाजांची नावं 'जल'ने सुरू होत : जलदूत, जलउषा, जलपद्म. त्यातलं जलपद्म लक्षात ठेवायचं.

*

बंदराला स्वतःचे पाण्यावरचे बंब का लागतात, हे जमिनीवरच्या माणसाला चटकन उमगत नाही. इतकं पाणी भोवती असताना आगीची भीती ती कसली? पण धक्क्याला लागलेल्या जहाजाची एकच बाजू जमिनीकडे असते. दुसरी बाजू पाण्याकडे असते आणि तिथे रस्त्यावरचा बंब पोचत नाही. जमिनीवरचा बंब नळाच्या दाबावर किंवा टाकीतल्या साठ्यावर अवलंबून असतो. आगबोटीच्या खाली अख्खा समुद्र आहे, पंप चालू आहे तोवर तिचं पाणी संपत नाही. भूकंपाने किंवा स्फोटाने शहराचे नळ फुटले तरी तिचं पाणी चालूच राहतं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि त्या भागातले नळ निकामी झाले, तेव्हा १९३१ साली बांधलेली आणि सेवेतून निवृत्त झालेली 'जॉन जे. हार्वे' ही आगबोट पुन्हा कामाला लागली आणि तिने काही दिवस नदीचं पाणी जमिनीवरच्या बंबांना पुरवलं. लंडनची 'मॅसी शॉ' तर १९४० मध्ये थेट डंकर्कला जाऊन सैनिक घेऊन आली.

आगबोटीचं आणखी एक काम आहे आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. ती पेटलेल्या जहाजाला सोबत करू शकते. टग त्या जहाजाला ओढत खोल पाण्याकडे नेतात आणि आगबोट बाजूने चालत पाणी मारत राहते. शहरापासून आग दूर नेण्याचा हा एकमेव मार्ग. तो उपयोगी पडतो, पण कोणीतरी वेळेवर 'न्या' म्हटलं तरच.

पाण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्याला 'नॉर्मंडी' हे प्रचंड फ्रेंच जहाज पेटलं. सैन्य नेण्यासाठी त्यात फेरफार चालू होते. शहराच्या बंबांनी आणि आगबोटींनी त्यावर इतकं पाणी ओतलं की आग आटोक्यात आली, आणि वरच्या मजल्यांवर साठलेल्या पाण्याच्या भाराने जहाज एका कुशीवर आडवं झालं. जहाजात शिरलेलं पाणी एका जागी बसत नाही. जहाज किंचित कललं की ते सगळं त्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. घराची आग विझवणाऱ्याला हे गणित कधी सोडवावं लागत नाही.

मुंबईत आग विझवणं हे पूर्वी पोलिसांचं काम असे. १८८७ मध्ये मुंबईचं अग्निशमन दल स्वतंत्रपणे उभं राहिलं. बंदराची वाढही त्याच काळातली : १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. या गोद्या म्हणजे दार लावून पाणी कोंडलेले मोठाले हौद. भरतीच्या वेळी दार उघडायचं, जहाज आत घ्यायचं, दार बंद करायचं. माल उतरवायला याहून सोयीची जागा नाही. पेटलेलं जहाज बाहेर काढायला याहून गैरसोयीची जागाही नाही. आणि या हौदांना लागूनच मांडवी, दाणा बंदर, चिंचबंदर, मशीद बंदर : धान्याच्या वखारी, कापूस, तेल, आणि दाटीवाटीने राहणारी माणसं.

*

'फोर्ट स्टिकीन' हे ७,१४२ टनांचं मालवाहू जहाज १९४२ मध्ये कॅनडात बांधलेलं. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते बर्कनहेडहून निघालं आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईला व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबरच्या धक्क्याला लागलं. पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा, त्यातला २३८ टन अतिशय संवेदनशील वर्गातला. पेट्यांत बंद लढाऊ विमानं. रिझर्व्ह बँकेसाठी सोन्याच्या विटा. कराचीत त्यात कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, शिवाय तेलाची पिंपं, लाकूड, गंधक असं बरंच काही चढलं. कॅप्टन अलेक्झांडर नाइस्मिथ यांना हा माल मुळीच पसंत नव्हता, पण युद्धाच्या दिवसांत जहाजातली एक इंच जागा रिकामी ठेवायची सोय नव्हती.

दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, तळाला कापूस होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं. ही रचना डोळ्यांपुढे आणल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. शांततेच्या काळात दारूगोळ्याचं जहाज गोदीत आणत नसत. ते बाहेर नांगरून माल लायटरमध्ये, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटींत, उतरवत. युद्धाच्या घाईत हा नियम सैल झाला होता. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. आणि स्फोटकं उतरवायला लागणाऱ्या लायटरची वाट पाहण्यात बारा एप्रिल गेला, तेरा गेला.

चौदा तारखेला, शुक्रवारी, दुपारच्या जेवणाची सुट्टी संपवून गोदी कामगार होल्डवर परतले तेव्हा त्यांना धूर दिसला. आजूबाजूच्या जहाजांवरच्या काहींना तो त्याआधीच दिसला होता, पण कोणी ओरडा केला नाही. जहाजाजवळ ठेवलेल्या पंपाने पाणी मारायला सुरुवात झाली. नियंत्रण कक्षाला फोन लागेना, म्हणून आगीच्या गजराची काच फोडण्यात आली. काच फोडली की कुठे आग आहे एवढं कळतं, कशाला आग आहे ते कळत नाही. साधी आग समजून आधी दोनच बंब निघाले. दारूगोळ्याचं जहाज आहे हे समजेपर्यंत दोन वाजून गेले होते.

त्यानंतर मुंबईच्या बंबवाल्यांनी काही म्हणता काही कमी केलं नाही. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः आले. जमिनीवरून बंब, पाण्याच्या बाजूने 'डोरिस' आणि 'पनवेल'. एका वेळी ३२ होज त्या एका होल्डवर चालू होते. नऊशे टनांहून जास्त पाणी आत गेलं. पण आगीचं मूळ सापडेना. धूर इतका दाट की खाली उतरणं अशक्य, आणि गाठींमध्ये धुमसणारा कापूस पाण्याने सहजासहजी विझत नाही. शिवाय पाणी चढू लागलं तसा जळता कापूस तरंगत वर येऊ लागला. वर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आग विझवायला ओतलेलं पाणीच आगीला उचलून स्फोटकांकडे नेत होतं.

मग जहाजाच्या पोलादी कुशीचा एक भाग तापून रंग सोडू लागला. आग नेमकी कुठे आहे हे त्यावरून पहिल्यांदा कळलं. तिथे भोक पाडून सरळ आगीवर पाणी मारावं म्हणून गॅस कटर मागवला गेला. कटर आला, पण चालला नाही.

त्या दोन तासांत धक्क्यावर काय बोलणं चाललं होतं तेही नोंदलेलं आहे, आणि माझ्या लेखी तेच या दिवसाचं खरं दुखणं आहे. दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी मालाची यादी पाहिली आणि बजावलं की हे फुटलं तर सगळी गोदी उडेल, जहाज आहे तिथेच बुडवा. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर म्हणाले, ओढून बाहेर न्या. आग विझवणाऱ्यांचं म्हणणं, पाणी चालू ठेवू द्या. कॅप्टन नाइस्मिथ यांच्या जहाजाचं इंजिन दुरुस्तीसाठी सुटं केलेलं. बुडवावं तर गोदीतलं पाणी उथळ. न्यावं तर टग, दार, भरती या सगळ्याची जुळणी. प्रत्येकाच्या म्हणण्याला आधार होता. प्रत्येकजण आपल्या कामात जाणता होता. मात्र त्या सगळ्यांवर एक शब्द टाकून तो पाळायला लावील असा माणूस त्या धक्क्यावर नव्हता. लष्कराचा अधिकार सल्ल्यापुरता, बंदराचा गोदीपुरता, कॅप्टनचा जहाजापुरता, बंबांचा पाण्यापुरता. सगळ्यांचं मिळून जे संकट होतं ते कोणा एकाचं नव्हतं.

चारला दहा मिनिटं कमी असताना होल्डमधून ज्वाळा उफाळल्या. जहाजावरची माणसं खाली उतरली. होज मात्र धक्क्यावरून चालूच राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटलं. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, पहिल्यापेक्षा मोठा. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा गेल्या. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला.

मुंबई अग्निशमन दलाची ६६ माणसं त्या दुपारी गेली. कॅप्टन नाइस्मिथही गेले.

*

साधारण वर्षभर आधी, २४ एप्रिल १९४३ च्या संध्याकाळी, न्यूयॉर्क बंदरात जवळपास हाच प्रसंग आला होता. 'एल एस्टेरो' हे जुनं मालवाहू जहाज न्यूजर्सीच्या बाजूला कॅव्हन पॉइंटच्या धक्क्याला दारूगोळा भरून तयार होतं. माल सुमारे १,३६५ टन, म्हणजे फोर्ट स्टिकीनच्या जवळपास तेवढाच. शेजारी आणखी दारूगोळ्याची जहाजं, धक्क्यावर स्फोटकांनी भरलेले रेल्वेचे डबे. बॉयलरच्या खोलीत तेलाने पेट घेतला. 'फायर फायटर' आणि 'जॉन जे. हार्वे' या आगबोटी धावल्या. तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांनी थोड्याच वेळात ओळखलं की ही आग विझायची नाही. त्यांनी हुकूम सोडला : टग लावा, बाहेर काढा, बुडवा. तटरक्षक दलाचे स्वयंसेवक जहाजावर थांबले, आगबोटी दोन्ही अंगांनी पाणी मारत बरोबर चालल्या. बंदराच्या मोकळ्या भागात नेऊन त्यांनी जहाजात इतकं पाणी भरलं की रात्री ते तळाला बसलं. कोणीही दगावलं नाही. आज न्यूयॉर्कमध्येही फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, कारण काही झालंच नाही.

तुलना करताना मुंबईवर अन्याय होऊ नये. 'एल एस्टेरो' उघड्या धक्क्याला होतं, त्याला गोदीचं दार ओलांडायचं नव्हतं. त्याची आग इंजिनाकडच्या भागात होती, स्फोटकांच्या पोटाखाली नव्हती. पण दारूगोळ्याच्या धक्क्यावर एकाच दलाची सत्ता होती आणि सगळे त्याचं ऐकत होते, हा फरक योगायोगाचा नव्हता. तो कोणीतरी आधी बसून ठरवलेला होता. मुंबईच्या बंबवाल्यांकडे धैर्य कमी नव्हतं, पाणीही कमी नव्हतं. त्यांच्या पाठीशी तो आधी घेतलेला निर्णय नव्हता.

*

जलपद्मकडे वळतो. सिंदिया कंपनीचं हे सुमारे चार हजार टनांचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीनच्या मागेच उभं होतं. पहिल्या स्फोटाने कोंडलेल्या हौदातलं पाणी भिंतीसारखं उठलं आणि त्याने जलपद्म उचललं. लाट ओसरली तेव्हा जहाजाचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर जाऊन बसला होता. चार हजार टनांचं जहाज जमिनीवरच्या छपरावर! त्या दिवसाचा जोर सांगायला दुसरा पुरावा नको. त्याच गोदीच्या परिसरात सिंदियाचं आणखी एक जहाज जळालं : १९३८ मध्ये हज यात्रेकरूंसाठी बांधलेलं आणि युद्धात नौदलाने घेतलेलं 'एल हिंद'. शेजारीच 'बरोडा' नावाचंही जहाज होतं, तेही गेलं. माझ्यासारख्या शिंदेशाहीतल्या माणसाला ही नावं एकत्र वाचताना कसंसंच होतं.

डझनाहून जास्त जहाजं नष्ट झाली किंवा निकामी झाली. जळता कापूस आणि तापलेलं लोखंड आकाशातून वस्तीवर पडलं आणि वखारींना एकापाठोपाठ एक आगी लागल्या. आग ताब्यात यायला तीन दिवस लागले. मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत सांगतात. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. ५५ हजार टन धान्य गेलं, आणि तेही बंगालच्या दुष्काळानंतर वर्षभरात. सोन्याची एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्याने ती परत केली आणि मिळालेलं बक्षीस मदतनिधीला दिलं. पुढे गोदीतून ढिगारा काढायला आठ हजार माणसं सात महिने खपत होती. ढिगारा पाच लाख टनांचा होता.

बातमी मात्र दाबली गेली. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने जगाला सगळं सांगितलं, पण सरकारने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वार्ताहरांना तपशील पाठवू दिला नाही. शहराला धूर दिसत होता, प्रेतं दिसत होती, बेपत्ता नातेवाईक दिसत नव्हते, आणि वर्तमानपत्रात नीट काही नव्हतं. ज्यांनी जीव दिले त्यांचं कौतुक त्या आठवड्यांत मोकळेपणाने छापताही आलं नाही. ही गोष्ट मला चीड आणते.

चौकशी आयोगाने आगीचं मूळ बहुधा कापसात असल्याचं म्हटलं आणि चुका नोंदवल्या : स्फोटकांखाली कापूस रचला, लाल बावटा लावला नाही, स्फोटकं उतरवायला उशीर केला, आग कोंडायला वाफेची नळी वापरली नाही, अग्निशमन दलाला वर्दी उशिरा दिली. यातल्या पहिल्या तीन चुका बंबवाल्यांना जहाजाचं नाव कळण्याआधीच होऊन गेल्या होत्या. घातपाताचा संशय त्या काळी बराच बोलला गेला. जाहीर झालेल्या निष्कर्षाचं वजन निष्काळजीपणाकडे आहे, आणि मला ते पटतं. कापसाची गाठ पेटायला परक्या हेराची गरज नसते, एक जळतं थोटूक पुरतं. सरकारने जबाबदारी घेतली आणि खास वटहुकूम काढून नुकसानभरपाई दिली.

वाफेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेत टेक्सस सिटीच्या बंदरात 'ग्रँडकँप' जहाजावरच्या अमोनियम नायट्रेटला आग लागली. तिथल्या कॅप्टनने पाण्याने माल खराब होईल म्हणून होल्ड बंद करून वाफ सोडली. कापसाला जी वाफ कदाचित वाचवती ती नायट्रेटला अजिबात चालत नाही, कारण त्याला जळायला बाहेरच्या हवेची गरजच नसते. जहाज फुटलं, आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातले एक सोडून सगळे, २७ जण, धक्क्यावर संपले. मुंबईत पाणी मारलं ते चुकलं, तिथे वाफ सोडली ती चुकली. आत काय आहे हे होज धरणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. त्या ६६ जणांच्या नि या २७ जणांच्या मरणाचं कारण इथे एक होतं.

*

भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात १९४४ च्या शहिदांचं स्मारक आहे. १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळतात, आमच्या ग्वाल्हेरमध्येही. प्रात्यक्षिकं होतात, शाळेची मुलं येतात, कपड्यांवर छोटे झेंडे लावले जातात. त्या मुलांना मुंबईचं नाव सांगतात. 'जलपद्म'चं नावही सांगावं. हे आपल्या गावच्या इतिहासातलं आहे.

आता 'डोरिस' आणि 'पनवेल'सारख्या बोटींचं काम मोठ्या प्रमाणात टगच करतात. टगच्या माथ्यावर पाण्याच्या दोन तोफा बसवलेल्या असतात, बंदरात त्यांना मॉनिटर म्हणतात. 'फाय-फाय वन' या दर्जाच्या टगने तासाला २,४०० घनमीटर, म्हणजे २४ लाख लिटर पाणी फेकलं पाहिजे, आणि ते १२० मीटर लांब पोचलं पाहिजे. फोर्ट स्टिकीनमध्ये दोन तासांत जेवढं पाणी गेलं तेवढं असा एक टग अर्ध्या तासाच्या आत ओततो. तेलाच्या आगीसाठी पाण्याऐवजी फेस मारायची सोयही असते. ६ ऑक्टोबर २०१७ ला मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर, जुन्या माणसांच्या बुचर बेटावर, डिझेलच्या टाकीवर वीज कोसळली. तिथे रस्ता जातच नाही. माणसं, फेस, सामान, सगळं पाण्यावरून न्यावं लागलं. आग काही दिवस धुमसली, पण शेजारच्या टाक्या वाचल्या.

म्हणजे यंत्रं आली, पाणी वाढलं. 'नॉर्मंडी'ने शिकवलेला धडा त्यामुळे उलट अधिक जवळ आला आहे, कारण आता काही मिनिटांत जहाज पाण्याने भरता येतं. ३० जानेवारी २०११ ला मुंबईजवळ एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन 'आयएनएस विंध्यगिरी' या युद्धनौकेला आग लागली. तिला धक्क्याला आणलं, आग विझवली, आणि दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच बुडाली. पाणी थांबवा, आधी उपसा, हे म्हणायचा अधिकार कोणाला, हा प्रश्न १९४४ इतकाच आजही धक्क्यावर उभा राहतो. बंदरांचे आणि नौदलाचे सराव होतात तेव्हा होजची लांबी आणि पंपाचा दाब तपासतात. सरावाच्या पहिल्या पाच मिनिटांत एका माणसाकडे सगळी सत्ता गेली की नाही, टगवाला, बंबवाला, जहाजाचा कॅप्टन आणि लष्कराचा अधिकारी त्याचं ऐकतात की नाही, हेही तेवढ्याच काटेकोरपणे तपासलं पाहिजे आणि त्याचा निकाल लेखी नोंदला पाहिजे.

२१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या 'आयएनएस ब्रह्मपुत्रा'ला आग लागली. गोदीतल्या आणि शेजारच्या जहाजांवरच्या अग्निशमन पथकांनी रात्रभर झुंज दिली आणि २२ च्या सकाळी आग आटोक्यात आणली. त्याच दुपारी जहाज एका बाजूला कलू लागलं. बरेच प्रयत्न करूनही ते सरळ झालं नाही आणि धक्क्याला लागूनच आडवं झालं. एक तरुण नौसैनिक बेपत्ता होता. त्याचा मृतदेह नंतर सापडला.